रिपोर्टला भिऊ नका, तो समजून घ्या

मागच्या वर्षीच्या वर्षावासातील गोष्ट. आमच्या वस्तीतील विहारात त्या दिवसांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालते. नेहमी पहिल्या रांगेत बसणाऱ्या मावशी त्या दिवशी दिसल्या नाहीत, म्हणून वाचन संपल्यावर आम्ही चार-पाच जणी त्यांच्या मुलीच्या खोलीवर गेलो. घरात सामसूम. दिवेलागण होऊन गेली तरी गॅस पेटलेला नव्हता. कोपऱ्यात मावशींची पिशवी भरून ठेवलेली, आणि जावई रात्रीच्या गाडीची तिकिटे काढायला गेलेले.

मावशी विदर्भातल्या. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेण्यासाठी मुंबईला मुलीकडे आलेल्या. ऑपरेशनपूर्वी गाठ लहान व्हावी म्हणून डॉक्टरांनी आधी केमोथेरपी सुरू केली होती. चार डोस झाले होते. औषधाचा गुण कितपत येतो हे पाहण्यासाठी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी केली. रिपोर्ट त्याच दुपारी हातात पडला, पण डॉक्टरांची भेट तीन दिवसांनी होती. तेवढा धीर कोणाला? घरात इंग्रजी वाचणारा एकच, बारावीत शिकणारा पुतण्या. त्याने रिपोर्ट वाचला. शेवटच्या ओळीत होते, 'बायरॅड्स ६'. पोराने हिशेब केला, कॅन्सरच्या स्टेज चारच असतात, इथे तर सहा लिहिले आहे. म्हणजे सगळे संपले! शिवाय आधीच्या रिपोर्टात गाठ ४.२ होती, ती आता २९ झाली.

घरात रडारड झाली. शेजारच्या बाईने कुठल्याशा बाबाचा अंगारा पाठवून दिला. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या त्या घरात ती पुडी टेबलावर पडून होती. मावशी मात्र शांत होत्या. "आता कायले पैसा घालवता? मरायचं तं आपल्या गावात मरीन," एवढेच म्हणाल्या.

आमच्याबरोबर महिला मंडळातील एक ताई होत्या. त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका आहेत. त्यांनी चष्मा लावला, जुना आणि नवा असे दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले, आणि म्हणाल्या, "मावशी, पिशवी सोडा. गाठ वाढली नाही, घटली आहे."

झाले होते ते असे. पहिल्या रिपोर्टात माप सेंटिमीटरमध्ये होते, ४.२. दुसऱ्यात ते मिलिमीटरमध्ये होते, २९. म्हणजे २.९ सेंटिमीटर. गाठ जवळजवळ एक तृतीयांशाने लहान झाली होती. आणि 'बायरॅड्स' म्हणजे स्टेज नव्हेच. स्तनाच्या तपासणीचा रिपोर्ट जगभर एकाच पद्धतीने लिहिला जावा म्हणून ठरविलेले ते ० ते ६ असे वर्ग आहेत. १ व २ म्हणजे कर्करोगाचे चिन्ह नाही. ३ म्हणजे बहुतेक साधी गाठ. ४ म्हणजे संशय आहे, तुकडा काढून तपासा. ५ म्हणजे दाट संशय. आणि ६ म्हणजे कर्करोग आहे हे तुकडा तपासून आधीच सिद्ध झालेले आहे. मावशींना कर्करोग आहे हे तर सर्वांना ठाऊकच होते. तेच त्या सहाने सांगितले. आजार पसरला की नाही, याबद्दल त्या आकड्यात एक अक्षरही नव्हते.

तिकिटे रद्द झाली. तीन दिवसांनी डॉक्टरांनीही तेच सांगितले आणि पुढचा डोस दिला.

वाचकहो, ताई त्या दिवशी आल्या नसत्या तर? एका आकड्याच्या चुकीच्या अर्थापायी एक बाई उपचार अर्धवट सोडून गावी गेली असती. औषध लागू पडत असताना गेली असती! ही गोष्ट एका घरापुरती नाही. आपल्या समाजातून मोठ्या शहरांतील दवाखान्यांत जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या हातात असे इंग्रजी कागद पडतात आणि रात्रीची झोप उडते. म्हणून या आठवड्याच्या कुटुंबपानावर आपण या स्कॅनची आणि रिपोर्टची ओळख करून घेऊ.

कोणता स्कॅन काय पाहतो?

प्रत्येक तपासणीचा डोळा वेगळा असतो. एकीने दिसते ते दुसरीने दिसत नाही. म्हणून डॉक्टर एकाहून अधिक तपासण्या सांगतात. ते नेहमीच पैसे काढण्यासाठी नसते.

एक्स-रे सर्वांच्या ओळखीचा. १८९५ साली राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाला हे किरण सापडले. हाड पांढरे दिसते, फुप्फुसातील हवा काळी दिसते. मॅमोग्राफी हाही स्तनाचा एक्स-रेच आहे.

सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी वापरतात. त्यात किरणोत्सर्ग मुळीच नसतो. गाठ घट्ट आहे की पाण्याने भरलेली आहे हे तिला चांगले कळते.

सीटी स्कॅनमध्ये एक्स-रेची नळी शरीराभोवती फिरते आणि संगणक शरीराचे पातळ काप पडद्यावर मांडतो, पावाची लादी कापून एकेक चकती पाहावी तसे. या शोधासाठी हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गाठ कुठे आहे आणि किती मोठी आहे, हे सीटी नेमके सांगतो. शिरेतून रंगाचे औषध देतात तेव्हा सर्वांगात ऊब येते, लघवी झाल्यासारखे वाटते. ते नेहमीचेच आहे, घाबरू नये. मात्र आधी कधी अशा औषधाची अॅलर्जी झाली असेल, किडनीचा त्रास असेल किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर ते टेबलावर झोपण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, प्रचंड ताकदीचे चुंबक असते. मेंदू, मणका, मऊ मांस यांची चित्रे तो उत्तम देतो. यंत्र ठक-ठक असा मोठा आवाज करते. बोगद्यासारख्या जागेत बराच वेळ स्थिर पडून राहावे लागते. जोडवी, केसांच्या पिना, गळ्यातले, सगळे काढून ठेवावे. छातीत पेसमेकर असेल, हाडात सळई असेल तर आधी सांगावे.

बोन स्कॅन हाडांसाठी. शिरेतून अल्प किरणोत्सर्गी औषध देतात, दोन ते चार तास थांबवतात आणि मग चित्र घेतात. हाडात जिथे झीज-भर चालू असेल तिथे डाग दिसतो.

पेट स्कॅनचे नाव ऐकून पुष्कळांना तो पोटाचा स्कॅन वाटतो. हे हिंदीतले 'पेट' नव्हे. यात साखरेसारखा किरणोत्सर्गी पदार्थ शिरेतून देतात. कर्करोगाच्या पेशी साखर जास्त खातात, म्हणून त्या जागा चमकतात. सीटी गाठीचा आकार सांगतो, तर पेट तिच्यात किती हालचाल चालू आहे ते सांगतो. म्हणून चार ते सहा तास उपाशी राहायला सांगतात आणि रक्तातील साखर पाहतात. चहाचा एक गोड घोटसुद्धा चालत नाही. इंजेक्शननंतर साधारण तासभर गुपचूप पडून राहायचे असते. त्या औषधाची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होत जाते. तरीही त्या दिवशी काही तास लहान मुले आणि गरोदर बाया यांच्यापासून दूर राहावे. नातवाला मांडीवर घ्यायचे ते दुसऱ्या दिवशी!

एकटा रिपोर्ट मुका असतो

उपचार चालू असताना केलेल्या स्कॅनचा अर्थ आधीच्या स्कॅनशी ताडून पाहिल्याशिवाय लागत नाही. मुलाला गणितात साठ गुण मिळाले, हे चांगले की वाईट? मागच्या वेळी चाळीस असतील तर चांगले, नव्वद असतील तर वाईट. तसेच हे. म्हणून जुना रिपोर्ट आणि जुन्या फिल्म दवाखान्यात बरोबर नेल्या नाहीत, तर नवा रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर फक्त आजचे चित्र सांगू शकतो, चाल सांगू शकत नाही.

ही चाल मोजण्याचे नियमही ठरलेले आहेत. घन गाठींसाठी २००० साली एक पद्धत तयार झाली आणि २००९ मध्ये ती सुधारली गेली. मोजता येतील अशा मोठ्या गाठी निवडतात. शरीरात पुष्कळ असल्या तरी जास्तीत जास्त पाच, आणि एका अवयवातील दोनच. त्यांच्या मापांची बेरीज करतात. समजा ही बेरीज पहिल्या वेळी १०० मिलिमीटर होती. पुढे ती ७० किंवा त्याहून कमी झाली, तर औषधाने आजार घटला असे धरतात. आतापर्यंतच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा ती २० टक्क्यांनी आणि निदान ५ मिलिमीटरने वाढली, किंवा नवीन जागी गाठ दिसली, तर आजार वाढला असे धरतात. या दोहोंच्या मधले सगळे म्हणजे स्थिर.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला म्हणून लगेच रडायचे किंवा पेढे वाटायचे नाहीत. श्वास कमी-जास्त धरला, काप थोडा वर-खाली पडला, मोजणारा बदलला, तरी एवढा फरक पडू शकतो. दुसरे, 'स्थिर' या शब्दाने खट्टू व्हायचे नाही. वाढणारा आजार जागच्या जागी थांबला, हेही औषधाचे काम असू शकते. आणि मापे पाहताना सेंटिमीटर की मिलिमीटर ते आधी पाहायचे. मावशींच्या घरची चूक आपल्या घरी नको.

फसवे शब्द

रिपोर्टाची इंग्रजी भाषा आपल्या रोजच्या इंग्रजीपेक्षा वेगळी असते. बातम्यांत ऐकलेला शब्द तिथे उलट अर्थाने येतो.

'निगेटिव्ह' वाचून लोक घाबरतात. तपासणीत निगेटिव्ह म्हणजे शोधलेली वाईट गोष्ट सापडली नाही. 'प्रोग्रेशन' वाचून लोक खूश होतात, कारण शाळेत प्रोग्रेस म्हणजे प्रगती. इथे प्रगती आजाराची असते, म्हणजे तो वाढला आहे. 'रिग्रेशन' म्हणजे आजार मागे हटला. 'अनरिमार्केबल' म्हणजे त्या अवयवात सांगण्याजोगे वावगे काही नाही. 'लीजन' म्हणजे वेगळा दिसणारा भाग. तो साधा व्रण असेल, गाठ असेल, काहीही असेल. 'नोड' म्हणजे लसिकाग्रंथी, ज्याला आपण अवधाणाची गाठ म्हणतो. ती प्रत्येक निरोगी माणसाच्या शरीरातही असते. 'सिस्ट' म्हणजे पाण्याची पिशवी. लिव्हरात किंवा किडनीत ती पुष्कळांना असते आणि बहुधा निरुपद्रवी असते. 'मेटास्टॅसिस' म्हणजे आजार मूळ जागेपासून दुसरीकडे पसरणे. पण त्या शब्दाच्या आधी 'नो एव्हिडन्स ऑफ' असे लिहिले आहे का, ते पाहा. त्याचा अर्थ, पसरल्याचा पुरावा नाही. घाईत वाचणारा नेमके तेवढेच तीन शब्द गाळतो आणि घरभर आकांत होतो.

रिपोर्टाच्या शेवटी 'इम्प्रेशन' या मथळ्याखाली सार दिलेले असते. वरच्या परिच्छेदांत डोक्यापासून पायापर्यंत दिसलेली प्रत्येक बारीकसारीक गोष्ट नोंदवलेली असते, मणक्याची झीज आणि पित्ताशयातला खडासुद्धा. वाचायला सुरुवात करायची तर सारापासून करा.

प्रत्येक चमकणारा डाग कॅन्सर नसतो

पेट स्कॅनच्या फिल्मवर मेंदू, हृदय आणि मूत्राशय हे निरोगी माणसाचेही चमकतात. मेंदू साखरेवर चालतो आणि औषध लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून. याशिवाय जिथे सूज, जंतुसंसर्ग किंवा भरत असलेली जखम आहे तिथल्या पेशीही साखर ओढतात. आपल्या देशात क्षयरोग अजून आहे. क्षयाची गाठसुद्धा कर्करोगासारखीच चमकू शकते. बोन स्कॅनवर जुने मोडलेले हाड आणि संधिवाताचा गुडघाही डाग दाखवतो. इतकेच काय, औषध लागू पडून हाड भरू लागले की सुरुवातीचे काही महिने डाग अधिक गडद दिसू शकतो! म्हणून शंका राहिली तर डॉक्टर पुन्हा काही आठवड्यांनी स्कॅन सांगतात, किंवा तिथला तुकडा काढून तपासतात. शेवटचा निकाल बहुधा सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडाच देतो.

याच कारणाने स्कॅनची वेळ महत्त्वाची. शेक, म्हणजे रेडिओथेरपी, संपल्यावर आतली सूज ओसरायला वेळ लागतो. म्हणून पेट स्कॅन पुष्कळदा सुमारे तीन महिन्यांनी करतात. "डॉक्टर चालढकल करतात, बाहेरून करून घेऊ," असे म्हणून घाईने काढलेला स्कॅन पैसे खातो आणि खोटी भीतीही देतो.

आता याची दुसरी बाजू. रिपोर्ट स्वच्छ आला म्हणजे आजार मुळासकट गेला, असेही नाही. एक सेंटिमीटरच्या गाठीत कोट्यवधी पेशी असतात. त्याहून पुष्कळ लहान, विखुरलेल्या पेशी कोणत्याही स्कॅनला दिसत नाहीत. उरलेले डोस, ऑपरेशन किंवा शेक हे त्या न दिसणाऱ्या पेशींसाठी असतात. "रिपोर्ट क्लिअर आहे, आता कशाला त्रास?" म्हणून मध्येच उपचार सोडणे हे वाईट रिपोर्टला भिऊन सोडण्याइतकेच घातक आहे.

घरात करायच्या गोष्टी

एक जाड फाईल घ्या. तारखेप्रमाणे सर्व रिपोर्ट, फिल्म आणि सीडी तिच्यात ठेवा. फिल्म दुमडू नका, उन्हात ठेवू नका. वर शंभर पानी वही ठेवून तिच्यात रकाने आखा: तारीख, कोणती तपासणी, गाठीचे माप, डॉक्टर काय म्हणाले. हे काम घरातल्या शाळकरी मुलीलाही जमते. शक्य असेल तर पुढची तपासणी त्याच ठिकाणी करा, म्हणजे ताडून पाहणे सोपे जाते.

डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. म्हणून प्रश्न आधी लिहून न्या. मागच्या वेळेपेक्षा आजार वाढला, घटला की तेवढाच आहे? नवीन जागी काही दिसते का? औषध तेच ठेवणार की बदलणार? पुढची तपासणी केव्हा आणि कशासाठी? "आम्हाला मराठीत सांगा" असे म्हणायला लाजू नका. तो आपला हक्क आहे. हात जोडून उभे राहण्याचे दिवस बाबासाहेबांनी संपवले. नम्रपणे, पण सरळ विचारा.

खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली हीच योजना. तिच्यातील इस्पितळांत आरोग्यमित्र बसतात. कोणता उपचार आणि कोणती तपासणी बसते ते पैसे भरण्याआधी त्यांना विचारा. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णांना रेल्वेभाड्यात सवलत आहे, तिचा दाखला इस्पितळातूनच मिळतो. मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाहेरगावच्या कर्करुग्णांची तिथे सोय होते. जागेसाठी इस्पितळातील समाजसेवा विभागात विचारावे.

आणि एक. रिपोर्ट रुग्णापासून लपवू नका. "तिला सांगू नका, ती खचेल," असे आपण मायेपोटी म्हणतो. पण जिच्या शरीरावर उपचार चालू आहे तिला घरच्यांच्या चेहऱ्यावरून सगळे कळत असते. फक्त चुकीचे कळते.

तथागतांची शिकवण

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता, आपल्याच घाणीत पडून होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः ते त्याच्यावर ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून मंचकावर निजविले. मग भिक्खूंना एकत्र बोलावून, रुग्णाची सेवा हीच माझी सेवा, अशा आशयाचे सांगितले. त्याच ठिकाणी सेवा करायला सोपा रुग्ण कोणता, हेही तथागतांनी सांगितले आहे. तो औषध घेतो, आणि सेवा करणाऱ्याला आजाराची स्थिती जशी आहे तशी सांगतो: वाढत असेल तर वाढतो आहे, घटत असेल तर घटतो आहे, तसाच असेल तर तसाच आहे.

वाढतो, घटतो, तसाच आहे. आजचा सगळा स्कॅनचा खटाटोप याच तीन शब्दांसाठी आहे. ज्या धम्मात आजार जसा आहे तसा पाहायला सांगितले आहे, त्या धम्माच्या घरात अंगाऱ्याच्या पुडीला जागा कशी असेल? शेजारणीने ती वाईट हेतूने पाठवली नव्हती. भीती वाटली की माणूस हाताला लागेल ते धरतो. म्हणून भीती घालवायची तर समजून घेणे हाच उपाय आहे.

मावशींचे पुढे ऑपरेशन झाले, शेकही झाले. आता त्या गावी असतात आणि ठरलेल्या तारखेला तपासणीसाठी येतात. तपासणीच्या आदल्या रात्री अजूनही झोप लागत नाही, असे त्या सांगतात. ते खरेच आहे. ही धाकधूक कोणाला चुकत नाही. पण आता पिशवीत वही असते. पुतण्याने स्वतः रकाने आखून दिलेली. पहिल्या पानावर त्याने ठळक अक्षरांत लिहिले आहे: १० मिलिमीटर म्हणजे १ सेंटिमीटर.

आपल्या वस्तीत, आपल्या विहारात असा एखादा रिपोर्ट घेऊन कोणी घाबरलेले बसले असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. आपल्या समाजातील परिचारिका, तंत्रज्ञ, डॉक्टर भावंडांनी महिन्यातून एक रविवार विहारात यासाठी द्यावा, ही विनंती.

सर्वांना सप्रेम जय भीम!